घरातील मोठी रीफ टाकी : आखणी व उभारणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील उत्तरे मुंबई, पुणे किंवा तत्सम शहरातील फ्लॅटमध्ये सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळखडकासारखी मांडणी असलेली टाकी, उभारू इच्छिणाऱ्यांसाठी आहेत. गोड्या पाण्याच्या टाकीचा अनुभव आहे, पण समुद्री टाकी प्रथमच करत आहोत, असे वाचक येथे गृहीत धरले आहेत.

सुरुवात कोठून करावी?

माशांपासून नव्हे. टाकी मोठी झाली की मजला, पाणी, वीज आणि कायदा हे चार प्रश्न आधी सुटावे लागतात, आणि त्यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले तर उरलेला खर्च वाया जातो. बहुतेक जण दुकानात एखादा मासा पाहून टाकी ठरवतात आणि टाकी आल्यावर ती ठेवायची कोठे याचा विचार करतात. हा क्रम लहान टाकीत निभावतो, मोठ्या टाकीत निभावत नाही.

टाकी मोठी घेण्यात खरोखर फायदा आहे का?

आहे, पण तो प्रामुख्याने स्थिरतेचा आहे. अधिक पाण्याचे तापमान व क्षारता सावकाश बदलते, त्यामुळे चूक लक्षात येऊन ती दुरुस्त करण्यास अवधी मिळतो. सर्जनफिशसारख्या सतत पोहणाऱ्या माशांना लांबी लागते आणि ती सहा फुटांखाली पुरेशी मिळत नाही. उंची मात्र दोन फुटांपुढे नेऊ नये. तळाशी हात पोहोचत नाही, काच जाड घ्यावी लागते आणि दिव्यांचा खर्च वाढतो. हाताशी पैसे उरत असतील तर ते रुंदीत घालावेत. अडीच फूट रुंदीत दगडांची मांडणी भिंतीला चिकटल्यासारखी दिसत नाही.

भारतात घरी प्रवाळ ठेवणे कायदेशीर आहे का?

हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारला जावा, म्हणून त्याचे उत्तर येथेच सविस्तर देत आहोत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना आहे. या अनुसूचीतील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. यादीत एखाद-दुसरी जात नसून कठीण प्रवाळांचा संपूर्ण गण आहे. त्यामुळे ‘हा तुकडा इंडोनेशियाचा आहे’ किंवा ‘हा फार्ममध्ये वाढवलेला आहे’ या दुकानदाराच्या बोलण्यावर विसंबून राहता येत नाही.

हा कायदा केवळ कागदावर नाही. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी व हाजी अली येथे प्रवाळांच्या अवघ्या १८ वसाहती आढळल्या, तेव्हा २०२० मध्ये वन विभागाची रीतसर परवानगी घेऊन शास्त्रज्ञांकरवी त्यांचे स्थलांतर करावे लागले. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला जी परवानगी चुकली नाही, ती दिवाणखान्यातील टाकीला चुकेल असे मानण्याचे कारण नाही.

‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकले जाणारे दगडही याच कक्षेत येऊ शकतात. भारतीय किनाऱ्यावरून उचललेला असा दगड बहुधा मृत प्रवाळाचा तुकडा असतो आणि मृत अवशेषांनाही संरक्षण आहे. समुद्रघोडे व महाशिंपले यांच्या बाबतीतही हीच सावधगिरी बाळगावी.

मग रीफ टाकीत ठेवायचे तरी काय?

बरेच काही. कारखान्यात तयार केलेले सिरॅमिक किंवा सिमेंटमिश्रित सच्छिद्र दगड घ्यावेत. सहा-आठ महिन्यांत त्यांच्यावर जांभळट शैवालाचा थर चढला की ते कृत्रिम आहेत हे सांगावे लागते. मासे, कोळंबीचे शोभिवंत प्रकार, शंखातील खेकडे, गोगलगायी आणि समुद्री शैवाल यांवरच एक भरगच्च टाकी उभी राहते. मऊ प्रवाळांपैकी मशरूम, झोअँथिड व लेदर हे प्रकार वरील गटांत मोडत नाहीत. तथापि ते आयात झालेले असतात, म्हणून विक्रेत्याकडून पक्के बिल व आयातीच्या कागदपत्रांची प्रत मागावी, आणि तो टाळाटाळ करू लागला तर खरेदी सोडून द्यावी. शंका असल्यास विभागीय वन कार्यालयात लेखी विचारणा करता येते.

झोअँथिडविषयी आणखी एक इशारा. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. ते चिकटलेले दगड कधीही उकळू नयेत, गरम पाण्याने धुऊ नयेत, आणि हाताळताना हातमोजे व चष्मा वापरावा. घरात लहान मुले असतील तर हा प्रकार टाळलेलाच बरा.

या मर्यादांचा एक लाभ असा की टाकी सोपी होते. कठीण प्रवाळ नसल्यामुळे पाण्यातील कॅल्शियम झपाट्याने खर्च होत नाही, दिवे मध्यम चालतात आणि परदेशी व्हिडिओंत दिसणारी निम्मी यंत्रसामग्री अनावश्यक ठरते.

फ्लॅटच्या मजल्याला एवढा भार सोसेल का?

प्रथम हिशेब करू. टाकीचे आकारमान सुमारे ६८० लिटर. वरची मोकळी जागा व दगडांनी व्यापलेली जागा वजा जाता तीत ६२० लिटर आणि खालच्या संपमध्ये (गाळणी व पंप ठेवण्याच्या टाकीत) १५० लिटर पाणी धरले, तर खाऱ्या पाण्याचे वजन ७९० किलोच्या आसपास जाते. १५ मिलिमीटर जाडीची काच सुमारे १५० किलो, संपची काच ३५, दगड ६०, वाळू ६० आणि स्टँड १०० किलो. बेरीज १,२०० किलोच्या घरात जाते, आणि हा भार जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर येतो.

राहत्या खोल्यांच्या मजल्यासाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, इतका उपयोगभार धरला जातो. आपल्या टाकीचा भार त्याच्या पाचपटीहून अधिक आहे. याचा अर्थ स्लॅब कोसळेलच असा नाही, कारण तो आकडा संपूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा आहे आणि बारा चौरस मीटरच्या खोलीत तो एकूण २,४०० किलो होतो. मात्र भार एके ठिकाणी एकवटला की स्लॅब वाकू शकतो, टाकीचा समतोल ढळतो आणि सांध्यांवर ताण येतो.

म्हणून जागा तुळईच्या रेषेवर निवडावी. खोलीच्या मध्यभागी टाकी ठेवू नये. चार इंची आडभिंतीखाली तुळई असेलच असे नाही, हेही लक्षात घ्यावे. बाल्कनीसाठी मानकात ३ किलोन्यूटन म्हणजे खोलीपेक्षा जास्त भार धरलेला असतो, आणि ते वाचून काहींना बाल्कनी अधिक भक्कम वाटते. परंतु पुढे आलेल्या अधांतरी स्लॅबवर टाकी ठेवणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. सोसायटीकडून इमारतीचे आरसीसी नकाशे मिळवावेत, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय घ्यावा आणि त्याची प्रत सोसायटीच्या कार्यालयातही द्यावी. जुन्या इमारतीत या पायरीला पर्याय नाही.

काच कोणती व किती जाडीची घ्यावी?

दोन फूट उंचीला वरून चौफेर काचेची पट्टी असल्यास १२ मिलिमीटरमध्ये टाक्या बांधल्या जातात, पण आमचे मत १५ मिलिमीटरच्या बाजूने आहे. जाडीतला फरक टाकीच्या एकूण खर्चात फारसा जाणवत नाही. समोरची काच कमी लोहाची घेतल्यास पाण्याला हिरवट छटा दिसत नाही. टाकी आल्यावर जागेवर ठेवून गोड्या पाण्याने भरावी आणि आठवडाभर सांध्यांखाली कोरडा कागद ठेवून पाहावे.

स्टँड सुताराकडून करून घ्यावा की लोखंडी?

लोखंडी सांगाडा आणि त्याला लाकडी आवरण ही जोडी उत्तम. दोन इंची चौकोनी एमएस (साध्या पोलादाचे) पाइप, प्रत्येक वेल्डवर इपॉक्सी रंगाचे दोन हात, आणि आवरणाला आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लाय. साधा कमर्शियल प्लाय खारट दमट हवेत फुगतो. स्टँड ठेवल्यावर चारही कडांवर पाणसळ लावून पाहावी. काही मिलिमीटरचा फरक पायांखाली पोलादी पट्ट्या देऊन काढावा. टाकीखाली थर्माकोल घालून तो झाकू नये. थर्माकोल काचेखालचे बारीक खडे सामावून घेतो, वाकडा स्टँड सरळ करत नाही.

संप व ओव्हरफ्लोची रचना कशी असावी?

टाकीच्या वरच्या कडेवरून पाणी पेटीत पडते, तेथून पाइपाने खालच्या संपमध्ये जाते, तेथे स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र) व गाळणी त्याला स्वच्छ करतात आणि पंप ते पुन्हा वर पाठवतो. मोठ्या टाकीतील बहुतेक पूर या मार्गाची आखणी घाईत केल्यामुळे येतात.

खाली येणारे पाइप किमान दोन, शक्यतो तीन असावेत. पहिला पूर्ण भरून वाहतो आणि त्यावरील गेट व्हॉल्व्हने प्रवाह जुळवला जातो. दुसऱ्यातून अगदी बारीक धार जात राहते. तिसरा कोरडा असतो आणि पहिल्या पाइपात गोगलगाय अडकली तर तो कामी येतो. पहिल्या पाइपात हवा असेपर्यंत गुळगुळ आवाज येत राहतो. व्हॉल्व्ह पाव-पाव फेरा फिरवत गेल्यास एका ठराविक बिंदूला तो अचानक थांबतो, आणि तेथेच व्हॉल्व्ह सोडावा. बॉल व्हॉल्व्हने हे बारीक जुळवणे जमत नाही, म्हणून चार पैसे अधिक देऊन गेट व्हॉल्व्ह घ्यावा.

वीज गेल्यावर वरची पातळी ओव्हरफ्लोच्या कडेपर्यंत उतरते. आपल्या टाकीत तीन सेंटिमीटर पातळी म्हणजे ३३ लिटर पाणी, शिवाय पाइपांतले वेगळे. तेवढी जागा संपमध्ये कायम रिकामी हवी. परत पाणी सोडणारे तोंड पृष्ठभागाच्या फार खाली असेल तर तेही उलटे खेचू लागते, म्हणून ते पृष्ठभागालगतच ठेवावे. चाचणी सोपी आहे: सर्व चालू असताना पंपाची पिन काढावी, संपमधील पाणी चढून थांबेल तेथे मार्करने रेघ ओढावी, आणि पुन्हा पंप सुरू करून पातळी स्थिरावली की दुसरी रेघ ओढावी. चालू अवस्थेत पाणी या खालच्या रेघेच्या वर कधीही भरू नये.

पाणी कोणते वापरावे? स्वयंपाकघरातील आरओचे चालेल का?

घरगुती शुद्धीकरण यंत्रात चवीसाठी क्षार पुन्हा मिसळणारी कांडी किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, त्यामुळे ते पाणी उपयोगाचे नाही. आरओनंतर उरलेले क्षार शोषणारे डीआय रेझिन असलेले वेगळे यंत्र घ्यावे आणि मीटरवर टीडीएस शून्य दिसले पाहिजे. मुंबई महापालिकेचे तलावांचे पाणी मुळात कमी क्षारांचे असल्याने तेथे रेझिन बरेच टिकते; टँकर किंवा बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायटीत ते लवकर संपते.

एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेर जाते असे धरल्यास पहिल्या भरणीसाठीच २,३०० लिटर पाणी वाया जाईल. ते पिंपात साठवून लादी पुसणे व शौचालय यांसाठी वापरावे. पाणीकपातीच्या महिन्यांत भरणी काढू नये.

मीठ म्हणजे मत्स्यालयासाठी तयार केलेले समुद्री मिश्रण. लिटरला सुमारे ३७ ग्रॅम या प्रमाणात पहिल्या भरणीला २८ किलोच्या आसपास मिश्रण लागेल. मीठ पाण्यात घालावे, मिठावर पाणी ओतू नये. नाहीतर कॅल्शियमचा पांढरा साका बसतो. क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५) ठेवावी आणि रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजण्याचे उपकरण) त्याच क्षारतेच्या प्रमाण द्रावणाने तपासावा.

जुहू किंवा गिरगाव चौपाटीचे पाणी आणले तर?

आणू नये. मुंबईच्या किनाऱ्यावर सांडपाणी मिसळते आणि पावसाळ्यात क्षारता बरीच खाली येते.

चिलर आवश्यक आहे का, की पंख्यावर भागेल?

पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअसदरम्यान राहावे लागते. पृष्ठभागावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी थंड होते, पण हे हवेच्या कोरडेपणावर अवलंबून आहे. पुण्यात किंवा नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असल्याने पंखा चांगला उतारा देतो. मुंबई-कोकणात हवा आधीच दमट असल्याने तो अपुरा पडतो. मुंबईत या आकाराच्या टाकीसाठी अर्ध्या अश्वशक्तीच्या जवळपासचा चिलर धरून चालावे. नागपूरकरांनी पंख्यावर कितीही भरवसा ठेवला, तरी ४५ अंशांच्या दिवसांत टाकीच्या खोलीला एसी किंवा टाकीला चिलर लागेलच.

चिलर पाण्यातील उष्णता नाहीशी करत नाही, ती खोलीत सोडतो. त्याला स्टँडच्या बंद कपाटात ठेवले तर तो स्वतःच्याच गरम हवेत चालत राहतो आणि थकतो. जागा असल्यास तो सुक्या बाल्कनीत ठेवून पाइपांना इन्सुलेशन करावे. पुण्याच्या हिवाळ्यासाठी तीनशे वॅटचे दोन हीटर घ्यावेत. एकच मोठा हीटर चालू अवस्थेत अडकला तर टाकी शिजते.

विजेचे बिल किती वाढेल? आणि वीज गेल्यावर काय करावे?

२०० वॅटचे दिवे आठ तास म्हणजे १.६ युनिट, पंप व स्किमर मिळून १२० वॅट चोवीस तास म्हणजे २.९ युनिट, आणि ४५० वॅटचा चिलर दिवसाला आठ तास म्हणजे ३.६ युनिट. ही बेरीज दररोज आठ, महिन्याला सुमारे २४० युनिटांवर जाते. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० व ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत असल्याने, आधीच दोनशे युनिट वापरणारे घर पुढच्या टप्प्यात ढकलले जाते, हे धरूनच अंदाजपत्रक करावे.

वीज गेल्यावर सर्वांत आधी प्राणवायू कमी पडतो, तापमानाचा प्रश्न नंतर येतो. म्हणून इन्व्हर्टरवर फक्त पाणी हलवणारा एक पंप ठेवावा. चाळीस वॅटचा पंप १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर पंधरा-वीस तास सहज चालतो. चिलर त्यावर जोडू नये.

टाकीसाठी स्वतंत्र सर्किट, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि पक्के अर्थिंग या गोष्टींत काटकसर नको. प्रत्येक वायर सॉकेटपेक्षा खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी टपकते. एक्स्टेन्शन बोर्ड संपच्या शेजारी जमिनीवर ठेवल्यास काही आठवड्यांतच पिनांवर मिठाची पांढरी कवची दिसू लागते.

दिवे व प्रवाह यांचे प्रमाण काय?

मऊ प्रवाळ व शैवालांसाठी मध्यम क्षमतेचे एलईडी पुरतात. पहिले काही आठवडे ते कमी तीव्रतेवर ठेवावेत. संपमधून तासाला टाकीच्या साधारण पाचपट पाणी फिरावे, उरलेला प्रवाह टाकीतच पाणी हलवणाऱ्या दोन वेव्हमेकरांनी द्यावा.

टाकी भरल्यावर मासे केव्हा सोडावेत?

दगडांवर व वाळूत अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंची वस्ती बसेपर्यंत थांबावे. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यासाठी मासे पणाला लावण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. त्याऐवजी अमोनिया पुरवण्यासाठी पाण्यात नवसागर घालावा; नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच. मात्र कल्हईचा नवसागर नव्हे, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. आपल्या टाकीत २ पीपीएम (दशलक्ष भागांत २) अमोनियासाठी पावणेपाच ग्रॅम पुरतो. एवढा अमोनिया चोवीस तासांत संपून नायट्राइटही शून्यावर आला की टाकी तयार झाली.

पहिल्यांदा क्लाउन माशांची जोडी सोडावी. त्यांना समुद्रफूल लागतेच असे नाही. त्यांची पैदास आता देशात होते: तमिळनाडूतील मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने यावर काम केले आहे आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही पैदास केंद्र उभे राहिले. पैदाशीचे मासे कोरडे खाद्य घेतात आणि समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा चिवट असतात. सर्जनफिश सर्वांत शेवटी सोडावा, कारण तो आधी आला तर सगळी टाकी आपली समजतो.

विलगीकरणाची टाकी खरोखर लागते का?

होय. समुद्री माशांवर पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला की त्याच्यावर तेथे औषध करता येत नाही. तांब्याच्या औषधाने कोळंबी, गोगलगायी व प्रवाळ मरतात. मग सर्व मासे बाहेर काढून मुख्य टाकी कित्येक आठवडे माशांविना ठेवावी लागते, आणि दगडांच्या कपारीतून मासे पकडणे म्हणजे सगळी मांडणी मोडणे आले. त्यापेक्षा दोन फुटी साध्या टाकीत प्रत्येक नवा मासा महिनाभर ठेवणे कितीतरी स्वस्त पडते.

कोणत्या चाचण्या नियमित कराव्यात?

आठवड्याला क्षारता, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता), नायट्रेट व फॉस्फेट पुरेत. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.१ पीपीएमखाली. कॅल्शियम ४२० व मॅग्नेशियम १,३०० पीपीएमच्या आसपास असल्याची खात्री महिन्याला एकदा करावी. बहुतेक वेळा पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलल्याने ते आपोआप टिकते. दारे-खिडक्या बंद असलेल्या एसीच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच ७.८ पर्यंत उतरतो. तेव्हा पीएच वाढवणारी बाटली विकत घेण्याऐवजी खिडकी उघडावी.

गणपतीला आठ-दहा दिवस गावी जायचे असेल तर?

बाष्पीभवनाने फक्त पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून भर गोड्या शुद्ध पाण्याची घालावी लागते आणि ती स्वयंचलित यंत्राकडे सोपवावी. त्याची साठवण टाकी दिवसाला सहा-आठ लिटर धरून भरावी, पण सगळी रिकामी झाली तरी संप ओसंडणार नाही एवढीच ठेवावी. खाद्य पुरवणारे यंत्र निघण्यापूर्वी आठवडाभर चालवून पाहावे. शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावी, मात्र खाद्याचा डबा देऊ नये. भाद्रपदात घरोघरी आग्रह करून वाढण्याची सवय असते आणि तिची झळ टाकीला बसते.

टाकी बंद करायची झाल्यास मासे समुद्रात सोडावेत का?

कधीही नाही. हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८० च्या दशकात फ्लोरिडाजवळ दिसू लागला आणि पुढे कॅरिबियन समुद्रभर पसरला. मत्स्यालयांतून सोडलेले मासे हे त्यामागचे कारण मानले जाते. १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्यावर आढळलेले कॉलर्पा शैवाल भूमध्य समुद्रात असेच फैलावले. प्राणी दुसऱ्या टाकीधारकाला किंवा दुकानाला द्यावेत. शैवाल नाल्यात न टाकता उन्हात पूर्ण वाळवून कचऱ्यात द्यावे. दगड वाळवून पुन्हा वापरता येतात, त्यावर झोअँथिड असतील तर आधी वर सांगितलेली काळजी घ्यावी. उरलेले पाणी शौचालयात थोडे थोडे ओतावे. कुंड्यांना किंवा सोसायटीच्या बागेत घातल्यास माती खारावते आणि झाडे जातात.